ओळखलंत का, गुरुजी?

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. तालुक्याच्या गावी एका बँकेत मी कामासाठी गेलो होतो. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना. त्यामुळे बाकांवर सगळी पिकलेली डोकी. कुणाच्या हातात पासबुक, कुणाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद. त्यांत एक प्राथमिक शाळेचे निवृत्त गुरुजी होते. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी. वय ऐंशीच्या घरात असावे.

इतक्यात आतल्या काचेच्या खोलीतून एक तरतरीत अधिकारी बाहेर आला. गुरुजींवर त्याची नजर गेली आणि त्याचा चेहरा फुलला. लगबगीने तो पुढे आला, वाकून नमस्कार केला आणि उभा राहून म्हणाला, "ओळखलंत का, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा वर सरकवला. "आवाज ओळखीचा वाटतो..."

"नाही, नाही, सांगा बघू मी कोण!"

"गावातलाच का तू? पाटलांचा..."

"छे! नीट बघा. अहो, तुमच्या हातच्या छड्या खाल्ल्यात चौथीत!"

सगळी बँक हसली. गुरुजीही हसले. पण त्यांच्या हातातला कागद किंचित थरथरत होता, आणि ते एकदा त्या अधिकाऱ्याकडे, एकदा आजूबाजूच्या माणसांकडे पाहत होते. तोंडी परीक्षेला उभ्या केलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर जो भाव येतो ना, तो मी त्या दिवशी एका शिक्षकाच्या चेहऱ्यावर पाहिला. शेवटी अधिकाऱ्याने नाव सांगितले आणि गुरुजींना ते आठवलेही. पुढे त्या गृहस्थाने गुरुजींचे काम पाच मिनिटांत करून दिले, चहा पाजला आणि आपल्या गाडीतून त्यांना एस.टी. स्टँडवर पोहोचवले. मनाने माणूस सोन्यासारखा! चूक झाली ती एवढीच की, भेटीची सुरुवात त्याने परीक्षेने केली.

तेव्हापासून माझ्या मनात हा विषय घोळतो आहे. शाळेत असताना गुरुजींशी कसे वागावे हे आपल्याला घरीदारी शिकवलेले असते. पण शाळा सुटल्यावर, कॉलेज संपल्यावर, आपण कर्ते झाल्यावर त्याच माणसाशी कसे वागावे, हे कुणी शिकवत नाही. पंचवीस-तीस वर्षांनी भेट होते. नाते जुने आणि माणसे नवी. मग कधी आपण वाजवीपेक्षा जास्त बोलतो, कधी तोंड चुकवून निघून जातो. आज या विषयावर चार गोष्टी बोलाव्यात म्हणतो. मी स्वतः शिक्षक आहे, आणि कुणाचा तरी विद्यार्थीही आहे. दोन्ही बाजूंच्या चुका मी केलेल्या आहेत. त्यामुळे बोलायला थोडासा अधिकार पोहोचतो.

पहिली गोष्ट त्या बँकेतलीच. एका वर्गात वर्षाला चाळीस मुले धरली, तरी तीस वर्षांच्या नोकरीत बाराशे होतात. हायस्कूलच्या शिक्षकाला दिवसात चार-पाच वर्ग, त्याचा आकडा याच्या कितीतरी पट. बरे, त्यांनी पाहिलेला असतो तो दहा वर्षांचा, शेंबूड पुसणारा पोरगा, आणि आता समोर उभा असतो तो मिशा पिकलेला, पोट सुटलेला गृहस्थ. कसे ओळखावे त्यांनी? म्हणून भेटल्याबरोबर आपणच सांगून टाकावे, "गुरुजी, मी अमका. अमक्या वाडीचा. १९९२ साली तुमच्याकडे चौथीला होतो. माझा थोरला भाऊही तुमच्याच हाताखालचा." नाव, गाव, साल आणि एखादी खूण. एवढे सांगितले की जुन्या शिक्षकाची आठवण आपोआप उजळते, आणि मग तेच म्हणतात, "अरे, तू खिडकीशी बसायचास! तुझी आई भाकरीत लोणचं बांधून द्यायची!" ही आठवण त्यांच्या तोंडून येण्यात जो गोडवा आहे, तो कोडे घालून कधीच मिळायचा नाही. आणि नाहीच आठवले, तर "असू द्या गुरुजी, वर्गात पुष्कळजण होतो," म्हणून विषय बदलावा. आपल्याला ते आठवतात, एवढे पुरे आहे.

आता हाक मारण्याचा प्रश्न. आपल्याकडे शिक्षकाला हाका तरी किती! जुन्या काळी पंतोजी होते, मग मास्तर आले, मग गुरुजी. हायस्कुलात 'सर' आणि 'बाई', शहरात 'मॅडम' आणि 'टीचर'. माझे सांगणे असे, की शाळेत जी हाक होती तीच जन्मभर ठेवावी. ज्यांना 'गुरुजी' म्हणत होतो, त्यांना आपण साहेब झालो म्हणून 'सर' म्हणू लागलो, तर ते ऐकणाऱ्याला परके वाटते. 'बाई' ही हाक तर आता मागासलेली समजतात. पण आमच्या मराठी शाळेच्या बाईंना 'मॅडम' म्हणून पाहा, त्या मागे वळूनही बघायच्या नाहीत!

हाकेची खरी पंचाईत होते ती शिक्षकाच्या बाजूने. विद्यार्थी तहसीलदार होतो, डॉक्टर होतो, नाहीतर आपल्याच शाळेचा मुख्याध्यापक होतो. त्याला 'अरे' म्हणावे की 'अहो'? मी एका वृद्ध शिक्षकांना हे विचारले होते. ते म्हणाले, "त्याच्या कचेरीत गेलो की 'अहो साहेब'. तिथं मी अर्ज घेऊन आलेला एक माणूस असतो, आणि त्याच्या हाताखालची माणसं बघत असतात. माझ्या घरी आला की 'अरे'. तिथं तो माझा पोर असतो." मला हे फार पटले. खुर्चीचा मान खुर्चीला, नात्याचा मान नात्याला. पण याच्या उलट बाजूही आहे. कचेरीत गुरुजी 'अहो साहेब' म्हणाले, तरी साहेबाने मात्र उठून उभे राहावे. त्याने त्याचा अधिकार कमी होत नाही. हाताखालचे लोक उलट दोन दिवस कौतुकाने तेच बोलत राहतात.

मी ज्या महाविद्यालयात शिकलो, तिथेच २००४ साली अधिव्याख्याता म्हणून लागलो. ज्यांच्या तासाला मी मागच्या बाकावर बसत असे, ते प्राध्यापक आता माझ्याच विभागात, माझ्याच टेबलाशी. पहिल्या दिवशी त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "आता आपण सहकारी. सर-बीर म्हणू नका, नावानं हाक मारा." मला घामच फुटला. नावाने हाक मारणे जिभेला झेपेना आणि 'सर' म्हणावे तर त्यांचा शब्द मोडतो. आठ-पंधरा दिवस मी त्यांना कुठलीच हाक न मारता दिवस काढले! "अं... जरा ऐकता का..." असे चालले होते. शेवटी त्यांनाच हसू आले. म्हणाले, "सर म्हणा बाबा, पण बैठकीत माझ्याशी भांडायला भिऊ नका." आणि मी भांडलोही. अभ्यासक्रमाच्या एका प्रश्नावर मी त्यांच्या विरुद्ध मत दिले. त्या दिवशी संध्याकाळी ते मला म्हणाले, "मुद्दा बरोबर होता, मांडणी ढिली होती." सांगायचे ते असे, की आदर म्हणजे होयबा होणे नव्हे. आपल्या विद्यार्थ्याला स्वतःचे मत आहे, हे पाहून चांगला शिक्षक सुखावतोच. फक्त ते मत त्यांच्या तोंडावर, नीट शब्दांत सांगावे. पाठीमागे, चहाच्या टपरीवर सांगू नये.

आता घरी भेटायला जाण्याविषयी. आधी कळवून जावे. आता फोन सगळ्यांकडे आहे, मग अवचित जाऊन म्हाताऱ्या माणसाची धांदल का उडवावी? दुपारची वेळ टाळावी, कारण जेवणानंतर त्यांचा डोळा लागलेला असतो. पहिल्या भेटीत अर्धा-पाऊण तास बसावे. ते म्हणालेच "अजून बस", तर बसावे. पाया पडायचे की नाही हा ज्याच्या-त्याच्या मनाचा प्रश्न आहे. काही शिक्षकांना ते आवडत नाही. ते हात धरून थांबवतात, तेव्हा झटापट करू नये. आणि गेल्या-गेल्या खिशातून मोबाइल काढून "सर, एक फोटो" म्हणू नये. आधी बोलावे, चहा घ्यावा, मग जाताना काढावासा वाटला तर विचारून काढावा. हल्ली दहावीच्या जुन्या वर्गांचे स्नेहमेळावे होतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मी एका मेळाव्यात पाहिले, की शिक्षकांना व्यासपीठावर ओळीने बसवले, शाली घातल्या, फोटो झाले, आणि जेवणाच्या वेळी ते चार म्हातारे एका टेबलाशी एकटेच जेवत होते. विद्यार्थी आपापल्या घोळक्यात दंग!

न्यायचे काय? शाल-श्रीफळ हे समारंभाला शोभते. निवृत्त शिक्षकांच्या घरी शालींची पेटी भरलेली असते. त्यापेक्षा आपल्या रानातल्या ओल्या शेंगा, काकवीची बाटली, नव्या ज्वारीचा हुरडा न्यावा. शहरातून जाणाऱ्याने एखादे पुस्तक न्यावे, मात्र अक्षर मोठे पाहून. आणि घरात त्यांच्या मंडळींनाही विचारावे. आपल्यापैकी कितीतरी जण गुरुजींच्या घरी अभ्यासाला जाऊन तिथेच जेवलेले असतात. ती भाकरी थापणारी माउली कुठल्याच सत्काराच्या व्यासपीठावर नसते.

मुलींची अडचण निराळी असते. लग्न होऊन त्या दुसऱ्या गावी जातात. माहेरी येतात पंचमीला, दिवाळीला, तेही चार दिवस. त्यातून सवड काढून बाईंना भेटायला जावेसे वाटते, पण घरचे म्हणतात, "आता कशाला?" माझी विनंती त्या घरच्यांना आहे. जाऊ द्या तिला. वाटल्यास धाकट्या भावाला बरोबर द्या. आणि शिक्षक पुरुष असेल, तर त्यानेही जाणावे, की ती आता संसार असलेली बाई आहे. चारचौघांत, घरच्यांच्या देखत तिच्याशी बोलावे, तिच्या सासरच्यांचीही विचारपूस करावी. नाते स्वच्छ असले तरी ते लोकांनाही स्वच्छ दिसू देण्याची जबाबदारी वयाने मोठ्या माणसाची असते.

काही गोष्टी मात्र करूच नयेत. निवडणुकीत उभे राहिलात म्हणून गुरुजींना प्रचाराच्या व्यासपीठावर बसवू नये. त्यांच्या पेन्शनवर डोळा ठेवून उसने मागू नये, जामीन राहायला सांगू नये. ते नाही म्हणू शकत नाहीत, म्हणून तर आपण त्यांना विचारत असतो. आणि एखाद्या लग्नात वगैरे शिक्षक भेटले, हाती पेला असला, तर "सर, तुम्हीपण घ्या ना थोडी" हा आग्रह कधीही नको. आता आपण बरोबरीचे झालो असे दाखवण्याची ती सर्वांत वाईट रीत.

आता माझ्या बांधवांकडे, शिक्षकांकडे वळतो. दोष सगळे विद्यार्थ्यांचेच नसतात.

दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी मी भाजी घेत होतो. समोरून एक टेम्पो आला. चालकाची आणि माझी नजरानजर झाली. तो माझा विद्यार्थी. बी.ए.ला होता, हुशार, कविता बऱ्या करायचा. मला पाहताच त्याने मान फिरवली आणि टेम्पो मागच्या गल्लीत घातला. मला वाटले, पाहिले नसेल. पण पुढच्या बाजारी तेच. मग मी त्याच्या मित्राला विचारले. तो म्हणाला, "सर, तो म्हणतो, सरांनी विचारलं 'काय करतोस सध्या?' तर काय सांगू? एवढं शिकून टेम्पो चालवतो म्हणून सांगू?"

श्रोतेहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तो प्रश्न मी खरोखरच विचारतो. भेटलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला, "काय, सध्या काय करतोस?" मी तो मायेने विचारत होतो. पण ज्याला नोकरी लागलेली नाही, स्पर्धा परीक्षा देता-देता ज्याचे वय उलटून चालले आहे, त्याला तो कसा लागत असेल याचा मी विचारच केला नव्हता. खेडोपाडी अशी मुले थोडी नाहीत. आमच्या सत्काराला येतात ते नोकरीवाले. न येणाऱ्यांची मोजदाद आम्ही करतच नाही. तिसऱ्या बाजारी मी मुद्दाम त्या मागच्या गल्लीत जाऊन उभा राहिलो. टेम्पो आला, मी हात केला, आणि म्हणालो, "आमच्या गल्लीपर्यंत सोडतोस का? पिशवी जड आहे." त्याने दार उघडले. वाटेत आम्ही पावसावर बोललो, त्याच्या आईच्या गुडघ्यांवर बोललो. उतरताना मी भाडे विचारले. तो घेईना. मी म्हणालो, "धंद्याची वेळ आहे तुझी, घे." आणि त्याने घेतले. ते त्याने घेतले, याचे मला फार बरे वाटले. आता तो मला पाहून टेम्पो थांबवतो.

तेव्हा शिक्षकांनी एवढे करावे. "काय करतोस?" हा प्रश्न मागे ठेवावा. "घरी सगळे कसे आहेत?" हा पुढे घ्यावा. सांगण्यासारखे असेल ते तो आपणहून सांगेल. त्याच्या बायकामुलांसमोर त्याचे जुने गुण, त्याची नापास झालेली परीक्षा, त्याने खाल्लेला मार काढू नये. मुलाच्या डोळ्यांत बाप मोठा असतो, तो तसाच राहू द्यावा. आणि दोन विद्यार्थी एकदम भेटले, तर त्यांची तुलना करू नये. वर्गात केली तेवढी पुरे झाली.

थोरामोठ्यांची एक गोष्ट या ठिकाणी आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. म्हणजे शाळेच्या हजेरीपटाप्रमाणे बाबासाहेब त्यांचे विद्यार्थी नव्हतेच. पण या मुलाची वाचनाची ओढ त्यांनी हेरली, आणि परीक्षेत यश मिळाल्याबद्दल लोकांनी भरवलेल्या सभेत त्याला आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे सयाजीराव गायकवाडांची मदत मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. केळुसकर १९३४ साली वारले. बाबासाहेबांनी १९५६ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, बुद्धावरील आपल्या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी या माणसाची आणि त्या पुस्तकाची आठवण 'दादा केळुसकर' म्हणून सांगितली आहे. मधे सुमारे पन्नास वर्षे गेली होती, विद्यार्थी राज्यघटनेचा शिल्पकार झाला होता, आणि शिक्षकाच्या कानी हे शब्द पडण्याची शक्यता उरलेली नव्हती. धोंडो केशव कर्व्यांनीही १९१५ सालच्या आपल्या आत्मवृत्तात मुरुडच्या सोमण गुरुजींना असेच आठवणीने जागा दिली आहे.

५ सप्टेंबरला, डॉ. राधाकृष्णन यांच्या जन्मदिवशी, १९६२ सालापासून आपण शिक्षकदिन पाळतो. त्या दिवशी मोबाइलवर शुभेच्छांचा पाऊस पडतो. एकाच चित्राच्या पन्नास प्रती! त्या पन्नासांपेक्षा एखादे चार ओळींचे पत्र, नाहीतर पाच मिनिटांचा फोन शिक्षकाला जास्त दिवस पुरतो. हे मी स्वानुभवाने सांगतो.

आता जी गोष्ट सांगायला मला सर्वांत जड जाते, ती सांगतो.

माझे हायस्कूलचे एक सर होते. मराठी शिकवायचे. १९९८ साली मी बारावी झालो. वडील कोरडवाहू शेतकरी, त्या वर्षी पुढे शिकवण्याची त्यांची ऐपत नव्हती. सरांनी कॉलेजची फी भरली, एस.टी.चा पास काढून दिला. पुढची तीन वर्षे हे असेच चालू राहिले. मी एका वहीत सगळे लिहून ठेवत होतो. एकूण अठराशे वीस रुपये. शिवाय परीक्षेच्या दिवसांत मी त्यांच्या घरी जेवायला असे. ते वहीत लिहिलेले नव्हते. काकू ताटात वाढताना कधी मोजत नव्हत्या.

२००४ साली मला नोकरी लागली. तीन महिन्यांचा पगार साठवून मी सरांकडे गेलो. सर तेव्हा निवृत्त झाले होते. मी पाकिटात पाच हजार रुपये घातले होते. व्याजासकट, असा माझा हिशेब. चहा झाला आणि मी पाकीट पुढे केले. म्हणालो, "सर, आपला हिशेब एकदा मिटवून टाकू." तरुण होतो, नोकरीची ऐट होती. मला वाटत होते, मी फार मोठे काम करतो आहे. सरांनी पाकिटाकडे पाहिले आणि म्हणाले, "ठेव ते खिशात." मी ऐकले नाही. निघताना ते आत गेले, तेवढ्यात मी पाकीट भिंतीवरच्या घड्याळामागे खोचले आणि निघालो. एस.टी.त बसून त्यांना फोन केला, "घड्याळामागे बघा." आणि मनात म्हटले, सुटलो.

आठ दिवसांनी पोस्टमन मनिऑर्डर घेऊन आला. पाच हजार रुपये. त्या काळी मनिऑर्डरला वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन पडत असे. म्हणजे माझे पैसे मला परत करायला सरांनी आपल्या पेन्शनमधले अडीचशे रुपये घातले होते. खालच्या चिठ्ठीवर त्यांच्या वळणदार अक्षरात तीन ओळी होत्या, "अनेक आशीर्वाद. तुझे पाकीट घड्याळामागे राहून गेले होते, ते पाठवीत आहे. पुन्हा येशील तेव्हा रिकाम्या हाताने ये."

आज या ओळींचा अर्थ मला कळतो. त्या वेळी मला फक्त चपराक बसल्यासारखे झाले. मी रागावलो, मग शरमलो, आणि शरमेपोटी गेलोच नाही. या दिवाळीला जाऊ, पुढच्या सुट्टीत जाऊ, असे म्हणता-म्हणता एक-दोन नव्हे, अकरा वर्षे गेली. उसने बुडवणारा माणूस सावकाराला टाळतो तसे मी त्यांना टाळले, आणि इथे तर सावकारच काही मागत नव्हता!

२०१५ साली गावाकडून निरोप आला, की काकू गेल्या. मी दहाव्याच्या दिवशी गेलो. सर ओट्यावर बसले होते. दृष्टी बरीच अधू झाली होती. मी जवळ बसून नाव सांगितले. त्यांनी माझा हात हातात घेतला, तळव्यावरून आपला हात फिरवला आणि म्हणाले, "आलास होय. जेवलास का?" नंतर थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी काकू विचारायची मधून-मधून, तो येत नाही का हल्ली म्हणून. मी सांगायचो, कामात असेल."

मंडळी, सरांशी झालेली चूक मला निस्तरता आली, कारण ते होते. काकूंशी झालेली निस्तरता येणार नाही. त्यांना माझे पैसेही नको होते आणि व्याजही नको होते. एखाद्या दुपारी जाऊन "काकू, भूक लागली," म्हटले असते तर पुरले असते.

त्यानंतर मी जातो. महिन्यातून एक रविवार ठरलेला आहे. रिकाम्या हातानेच जातो. फार तर शेवग्याच्या चार शेंगा नेतो, त्यांना त्याची आमटी आवडते. वर्तमानपत्र वाचून दाखवतो. कधी पुस्तक असते. वाचताना एखादा उच्चार घसरला, की ते अजूनही थांबवतात, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचतो. त्यांची सून चहा आणते आणि मला 'भाऊजी' म्हणते. एखाद्या वेळी सरांना माझी ओळख लगेच पटत नाही. तेव्हा मी नाव, गाव, साल सांगतो, आणि खूण म्हणून म्हणतो, "घड्याळामागचा." मग ते हसतात.

हे भाषण लिहून झाल्यावर परवाच्या रविवारी मी ते त्यांना वाचून दाखवले. त्यांची गोष्ट सांगायला त्यांची परवानगी हवीच होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, दोन ठिकाणी शब्द बदलायला सांगितले, आणि त्यांच्या स्तुतीचे एक लांबलचक वाक्य होते, ते काढायला लावले. ते मी काढले आहे.